आईचं पाण्यातलं गाणं

लग्नाआधी माझ्या आईने एका बोलपटात काम केलं होतं, आणि त्यातलं एक गाणं तिने नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून म्हटलं होतं. ही माहिती मला लहानपणापासून होती, पण घरात ती मला कोणी दिलेली नव्हती. हळदीकुंकवाला गेलं की बायका एकमेकींना गाणं म्हणायचा आग्रह करायच्या. आईचा नंबर आला की कोणीतरी म्हणायचं, "तुम्ही म्हणा हो. तुम्हाला काय, चारचौघांत म्हणायची सवय आहे." त्यावर दुसरी म्हणायची, "कोरड्यात म्हणतील का पण?" सगळ्या पदराआड हसायच्या. आई म्हणायची, "घसा बसलाय." माझ्या सगळ्या लहानपणात आईचा घसा बसलेलाच होता.

वडील शाळेत गणित शिकवायचे. ते रागीट नव्हते. आईला त्यांनी सगळं माहीत असून पत्करलं होतं, आणि त्यांची अट एवढीच होती, की हा विषय घरात निघायचा नाही आणि घरात गाणं व्हायचं नाही. ही अट त्यांनी स्वतःही पाळली. रेडिओवर बातम्या संपल्या की ते उठून बटण फिरवायचे. तो बोलपट त्यांनी कधी पाहिला नाही. आईनेही नाही. तो थिएटरला लागला तेव्हा ती नवी सून होती, आणि सुनेने कुठल्या सिनेमाला जायचं ते सुनेने ठरवायचं नसे. तिच्या दोन जावा मात्र बघून आल्या. आल्यावर मोठ्या जाऊबाईंनी स्वयंपाकघरात येऊन एवढंच विचारलं, "थंडी नाही का गं वाजली?"

आई गेली त्याला वर्ष होऊन गेलं. मी हे लिहायला बसते ते सकाळी, चहा झाल्यावर. कधी एक परिच्छेद होतो, कधी तेवढाही होत नाही. लोक विचारतात, सावरलात का. काय सावरायचं ते मला नीट कळत नाही. भूक लागते, झोप लागते, वाचनालयातून आणलेली पुस्तकं मी वेळेवर परत करते. आईविषयी काही वाटायला पाहिजे तिथे हात लावून पाहिला तर दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल लागतो तसं लागतं. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या सुमाराची गोष्ट आहे. बँकेत सगळीकडे संगणक आले होते आणि आमच्या वयाच्या माणसांना सन्मानाने घरी जाण्याची सोय करून दिली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न झालेलं नाही. आई आणि मी दोघीच कर्वे रस्त्यामागच्या जुन्या सोसायटीत राहत होतो. समोरच्या बंगल्याच्या जागी सहा मजली इमारत उठत होती आणि तिच्यात हिंजवडीला जाणारी मुलंमुली राहायला येणार होती. ड्रिलचा आवाज दिवसभर चाले. आईला त्याचा त्रास नव्हता. तिचा उजवा कान पूर्ण गेलेला होता आणि डावा जात चालला होता. कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जे ऐकवायचं असेल ते आता ऐकवून घ्या. ते गमतीत म्हणाले असावेत.

एका दुपारी एक मुलगी आली. यवतमाळकडची होती, सकाळी कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहीत होती. पहिल्या काळातल्या बोलपटांत बाई कशी दाखवली, तिची इच्छा, तिचं शरीर कसं दाखवलं, असा विषय होता. स्टुडिओत रंगभूषा करणारे एक वृद्ध गृहस्थ तिला सापडले होते. त्यांनी सांगितलं, की पाण्यातल्या गाण्याची मुलगी पुण्यातच एका मास्तरांना दिली. तेवढ्यावरून तिने शाळा शोधली आणि शाळेवरून आमचं घर.

मला वाटलं आई तिला चहा देऊन परत पाठवील. आई म्हणाली, "बस. काय विचारायचंय?"

अडचण अशी होती, की आईला ऐकू जावं म्हणून सगळं ओरडून विचारावं लागत होतं. जी गोष्ट आमच्या नात्यात साठ वर्षं कुजबुजीत चालली होती ती आता जिन्यापर्यंत ऐकू जाऊ लागली.

"आजी, तुमचा तो सीन त्या काळी लय बोल्ड होता नं," मुलगी म्हणाली. "मी वाचून राहिली सगळं. लाज नाही वाटली का तुम्हाला?"

"काय वाटली?"

"लाज, आजी. लाज. अंग दिसते म्हणून."

"अगं, हळू. खालचे काका गॅलरीत बसलेले असतात," आई म्हणाली. मग तिने विचार केला. "अंग कुठलं दिसतंय. दोन लुगडी होती माझ्या अंगावर. एकावर एक. आत मांजरपाटाचं पोलकं, माझ्या आईने शिवलेलं, कोपरापर्यंत. त्याशिवाय ती पाठवायलाच तयार नव्हती."

ते चित्रण लोणी काळभोरच्या बाजूला नदीवर झालं होतं. स्टुडिओच्या लॉरीतून सगळे पहाटेच गेले. माझी आजी कोरडं लुगडं आणि आल्याचा चहा घेऊन काठावर बसली होती. भिजलेल्या दोन नऊवारींचं ओझं इतकं झालं, की आईला पाऊल उचलता येईना. शेवटी पाण्याखालच्या दगडाला दोर बांधून तो तिच्या हातात दिला. त्या काळी गाणं जागेवरच म्हणावं लागे, चित्र आणि आवाज एकाच वेळी घेत. पेटीवाले आणि तबलजी करंजाच्या झुडपाआड बसले होते. कावळा ओरडला की थांबायचं. पलीकडच्या काठावर कोणी धुणं आपटलं की थांबायचं आणि माणूस पाठवून विनंती करायची. परत पाण्यात. गावातल्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक माझ्या आजीला म्हणाली होती, "पोरीला काढा की बाहेर. कुडकुडत हाय ती."

"पण आजी, तुम्ही वर बघता," मुलगी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "गाताना वर बघता नं, ओठ थोडे उघडे. ती नजर आहे नं, त्याच्यावर माझं पूर्ण एक प्रकरण आहे. बाई पहिल्यांदा स्वतःची इच्छा कोणाला न लपवता..."

आईने अर्धंच ऐकलं असावं. "वर बांबू होता," ती म्हणाली.

"काय होतं?"

"बांबू. त्याच्या टोकाला मायक्रोफोन. डायरेक्टर म्हणाले, बांबूकडे बघून म्हण, नाहीतर आवाज येणार नाही. आणि तो धरणाऱ्या माणसाचे हात भरून आले होते. सारखा खाली यायचा. मी बघत होते, आता डोक्यात पडतोय की काय."

 मुलगी हसायला लागली आणि हसता हसता वहीत लिहून घेतलं. मला ती तेव्हा आवडली. जाताना तिने सांगितलं, की त्या बोलपटाची एक प्रत शहरातल्याच चित्रपटांच्या संग्रहालयात आलेली आहे. एका बंद पडलेल्या थिएटरच्या गोदामात डबे मिळाले होते. काही भाग खराब झालाय, पण नदीचा भाग शाबूत आहे. अर्ज केला तर बघता येईल.

"आवाज आहे का त्यात?" आईने विचारलं.

"आहे, आजी."

"मग मला ऐकायचंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दिसायला कशी होते ते मला माहीत आहे. घरात आरसा होता. आवाज कधी ऐकला नाही मी माझा."

मी तिला आयुष्यात कशासाठी हट्ट करताना पाहिलं नव्हतं. हाही हट्ट नव्हता. पण त्यानंतर रोज सकाळी ती विचारायची, "अर्जाचं काय झालं?" आणि मग डाव्या कानाशी दोन बोटं चोळून बघायची, ऐकू येतंय ना अजून म्हणून.

माझा भाऊ, दादा, धायरीला राहतो. त्याने तिथे नवीन फ्लॅट घेतलाय. त्याला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "साठ वर्षं झाकून ठेवलं ते आता कानाला भोंगा लावून ऐकणार का?" मी म्हटलं, तिला ऐकायचंय. "माझ्या मुलीच्या स्थळाचं बघतोय आम्ही. तुझं काय, तुझा प्रश्न नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणतोय दादा?"

"म्हणाला, रिक्षाने जा. बसने नको."

"तसं नसेल म्हणाला," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

तिचं कानातलं यंत्र माणसांचं बोलणं जेमतेम पोचवायचं. गाणं लागलं की शिट्ट्या मारायचं. म्हणून तिला घेऊन मी बुधवार पेठेत गेले. विजेच्या वस्तूंच्या गल्लीत एक दुकान होतं, आमच्या बँकेच्या जुन्या खातेदारांचं. त्यांच्या तीन पिढ्या तिथेच गेल्या होत्या. मालकांची पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, समोर उघडलेले चार टेपरेकॉर्डर. मी अडचण सांगितली.

"ऐकायचं काय आहे, ते सांगा आधी," ते म्हणाले. "बातम्या असतील तर आहे त्यात भागेल. संध्याकाळच्या मालिका असतील तर आजींना आहे तसंच राहू द्या, सुखी आहेत."

"गाणं आहे एक," मी म्हटलं.

"कोणाचं?"

आईला नेमकं तेवढं ऐकू गेलं. "माझं," ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. मी म्हटलं, "खरं आहे ते." मग ते आत गेले आणि कानाभोवती गादी असलेला मोठा हेडफोन घेऊन आले. आठवड्याभरात त्यांनी एक डबी करून दिली. तिला आवाज लहानमोठा करायची चावी होती, दोन माणसांना दोन हेडफोन लावायची सोय होती आणि बोलायला लहानसा माइक. "आजी, यातून मुंगीसुद्धा ऐकू येईल," ते म्हणाले. आई म्हणाली, "मुंग्या नकोत." ते मोठ्याने हसले.

संग्रहालयातली खोली लहान होती, थंड होती आणि तिला व्हिनेगरसारखा वास होता. एका टेबलावर फिल्मची दोन मोठी चाकं आडवी फिरत आणि मध्ये पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या काचेवर चित्र दिसे. तिथल्या कर्मचाऱ्याने आईला "या, बसा" म्हणून खुर्ची दिली आणि डबीची वायर कुठे लावायची ते स्वतः शोधलं. आईने अंबाड्यावरून हेडफोन चढवला. दुसरा मी लावला. ती मुलगी आमच्या मागे उभी होती.

नदी दिसली. मग कळशी घेतलेली एक मुलगी काठावर आली. ती माझी आई होती यात शंका नव्हती. कपाळ तेच, उजवीकडे झुकून चालणं तेच. ती सतरा वर्षांची होती आणि मी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होते. तिने कळशी ठेवली आणि पाण्यात उतरली. लुगडं पाण्यावर फुगलं, मग खाली बसलं. जे सांगितलं गेलं होतं, ज्यावर बायका हसल्या होत्या, ते एवढंच होतं. ओलं कापड, मान आणि वर बघणारा चेहरा. कोणाला ती नजर ओढ लागलेल्या बाईची वाटली असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. बांबू चित्रात कुठेच दिसत नव्हता.

मग गाणं सुरू झालं.

आवाज भरलेला होता, पक्का, बाईचा. त्यात थंडी नव्हती. ओठ किंचित मागे राहत होते, शब्द आधी येत होता. मला संगीत कळत नाही, पण पाण्यात कुडकुडणाऱ्या मुलीच्या छातीतून तो आवाज निघालेला नव्हता एवढं मलाही कळलं. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. कर्मचारी मागे उभ्या असलेल्या मुलीला हळू आवाजात सांगत होता, "हे नंतर दुसऱ्या बाईकडून गाऊन घेतलंय. तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं तसं." मुलीने तोंडावर हात ठेवला.

आईचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्यावर काही नव्हतं. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "परत." हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली. कर्मचाऱ्याने चाकं उलटी फिरवून परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ती चित्राकडे बघतच नव्हती. डोळे मिटून बसली होती.

मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "ही कोण?"

मुलीला वाटलं ती चित्राविषयी विचारतेय. ती पुढे वाकून म्हणाली, "आजी, तुम्हीच नं त्या."

"चित्र माझंच आहे," आई म्हणाली. "गळा कोणाचा?"

 कर्मचाऱ्याने सुरुवातीचा डबा आणून नावांची पाटी लावून पाहिली. त्यात आईचं सिनेमापुरतं ठेवलेलं नाव होतं, तिसऱ्या ओळीत. पेटीवाल्याचं होतं. गाणाऱ्या बाईचं नव्हतं. तेव्हा अशी नावं देत नसत, तो म्हणाला, जणू ते त्याच्याकडून राहून गेलं होतं.

"बरी गायलीय," आई म्हणाली. "मी इतकी सुरात नव्हते."

मुलगी रडत होती. आईने तिच्या हातावर थोपटलं. "तुला काय झालं रडायला? अभ्यास बिघडला का तुझा?"

 रिक्षात बोलून तिला ऐकू आलं नसतं. घरी आल्यावर मी चहा केला. तिने बशीत ओतून तो प्यायला, जे ती कोणासमोर करत नसे, आणि मग सांगायला लागली. नदीवरचं काम झाल्यावर तिला ताप भरला होता. त्यातून उठते तोवर माझ्या वडिलांचं स्थळ आलं आणि लग्न ठरलं. त्या दिवसांत स्टुडिओतून एक माणूस घरी आला होता.

"मी आत तांदूळ निवडत होते. बाबांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तो सांगत होता, एकच दिवस पाठवा मुलीला. फक्त गळ्याचं काम आहे, अंग दिसायचं नाही. बाबा म्हणाले, झालं तेवढं पुष्कळ झालं, आता आमची मुलगी परत त्या आवारात पाय ठेवणार नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या चित्राचं काम असेल." तिने बशी खाली ठेवली. "अंग दाखवून झाल्यावर पाठवायचं बंद केलं आमच्या बाबांनी. गळा राहिला."

मी म्हटलं, "आई, तू सांगायला हवं होतंस आजोबांना, जाते म्हणून."

"काय सांगायला हवं होतं? मला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "साठ वर्षं मी घसा बसलाय म्हणत होते. आणि तिथे गळा होता दुसऱ्याच कुणाचा."

त्यानंतर आठ-पंधरा दिवस ती नेहमीसारखीच होती. वर्तमानपत्र वाचायची, वाटाणे सोलायची. अर्जाची चौकशी संपली होती, म्हणून सकाळी बोलायला विषय नसायचा. कानाशी बोटं चोळणं मात्र चालू होतं.

एके दिवशी जेवणं झाल्यावर तिने ती डबी काढली, हेडफोन घातला आणि माइक माझ्या हातात दिला. "म्हण."

"काय म्हणू?"

"गाणं. मी सांगते तसं म्हण. त्या बाईने म्हटलंय तसं नाही ते. आम्ही बसवलं होतं तसं."

मी म्हटलं, मला गाता येत नाही. ते तिला माहीत होतं. ज्या घरात मी वाढले तिथे कोणालाच येत नव्हतं. तीच का म्हणत नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आता हा म्हातारीचा आवाज ऐकून काय करू? त्यापेक्षा तू म्हण. तुझा निदान वापरलेला नाही."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मी पन्नाशी ओलांडलेली होते आणि मला सा लावता येत नव्हता. ती शब्द सांगायची, हात वर-खाली करून चाल दाखवायची, आणि मी माइक तोंडाशी धरून म्हणायची. गाण्यात एक बाई पाण्याला काहीतरी विचारते, एवढंच आहे. ती माझ्या गुडघ्यावर ठेका धरायची. "वर नको जाऊस. ती वर जाते. तू खाली ये." पहिल्या तिन्ही ओळी चित्रातल्यासारख्याच होत्या, चौथीला चित्रातला आवाज चढतो, आणि आईने मला तिथे खाली उतरायला शिकवलं. का, ते विचारलं तर म्हणाली, "पाण्यात उभं राहिल्यावर तेवढाच श्वास उरतो."

एकदा दादा अचानक आला. चपला काढता काढता दारातच थांबला. मी माइक धरून बसले होते आणि आई हेडफोन लावून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "खाली पार्किंगपर्यंत ऐकू येतंय."

"मला नाही येत, डबी लावल्याशिवाय," आई म्हणाली. "बस. चहा घेशील?"

तो बसला. चहा घेतला. मी थांबले तेव्हा आईने गुडघ्यावर टिचकी मारली, म्हणून मला पुढे म्हणावं लागलं. तो कपात बघत राहिला. जाताना मला जिन्यात म्हणाला, "बेसूर म्हणतेस." मी म्हटलं, "हो." त्याने परत कधी तो विषय काढला नाही.

धृपद बसलं. अंतऱ्याची पहिली दीड ओळ झाली तेव्हा आईचा डावा कान गेला. एका सकाळी डबीची चावी शेवटपर्यंत फिरवूनही काही येईना. ती म्हणाली, बॅटरी गेली असेल. मी बॅटरी बदलली. मग तिने डबीची वायर गुंडाळून ठेवली. काही दिवस तिने माझ्या गळ्यावर तळहात ठेवून शिकवायचा प्रयत्न केला. हात कोरडा आणि हलका होता. चुकलं की ती मान हलवायची, पण काय चुकलं ते तिला सांगता यायचं नाही, आणि उरलेल्या ओळीचे शब्द मी लिहून मागितले तर चाल तशी कागदावर येत नव्हती. तिने ते सोडून दिलं. थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. शेवटचे दिवस आम्ही पाटीवर लिहून बोललो. पाटीवर बहुतेक औषधं आणि पाणी असे.

तेराव्यानंतर ती मुलगी भेटायला आली. प्रबंध होत आला होता. नजरेवरचं प्रकरण तिने काढून टाकलं नव्हतं, पण त्यात बांबू घातला होता. आणि त्याच्यापुढे, नायिकांचे गळे कोणाचे होते यावर एक नवं प्रकरण लिहीत होती. ती संकोचत म्हणाली, "मावशी, आजींनी तुम्हाला शिकवलं नं ते? नदीतली चाल? ती दुसरीकडे कुठंच नाही. रेकॉर्ड करू देता का?"

मी हो म्हटलं. तिने आपलं लहान यंत्र टीपॉयवर ठेवलं आणि पंखा बंद करू का विचारलं. मी म्हटलं, राहू दे. मी म्हणायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला खाली आले. अंतऱ्याची दीड ओळ म्हटली आणि थांबले.

ती वाट बघत होती. मग हळूच म्हणाली, "पुढचं?"

"पुढचं मला येत नाही."

"बाकीचं सिनेमातलं जोडता येईल, मावशी. शब्द तेच आहेत. त्या बाईंच्या आवाजात..."

"नको," मी म्हटलं. "इथपर्यंतच ठेव."

तिने मान डोलावली. यंत्र बंद करायला तिला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यात पंख्याचा आवाज आला असेल, आणि समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचा.